परक्यांच्या तीस वाड्या

आखातातलं युद्ध माझ्यापेक्षा सांगलीतल्या माझ्या शेजाऱ्यांनी जास्त पाहिलं. मी परत आलो तेव्हा कोणतं क्षेपणास्त्र कुठून सुटतं, किती लांब जातं, आणि त्याला हवेतच कोण गाठतं, हे त्यांना पाठ होतं. वर्तमानपत्रातले नकाशे त्यांनी कापून ठेवले होते. मी त्या काळात रियाधच्या आग्नेय टोकाला बागांना पाणी देत होतो असं सांगितल्यावर त्यांचे चेहरे पडले. सौदी अरेबियात, युद्धाच्या ऐन मध्यात, एका माणसाने पुदिन्याला पाणी घालावं, हे त्यांना माझ्याकडून अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं.

रियाध

मी पंपांच्या कारखान्यात तीस वर्षं काढली. आमचे पंप तिकडे विकले जात. ते कसे चालतात हे पाहायला कंपनीने जानेवारी १९९१ मध्ये मला तीन आठवड्यांसाठी पाठवलं. युद्ध होणार नाही असं साहेबांचं मत होतं. साहेबांनी ते कोल्हापुरात बसून बनवलं होतं.

तिथल्या आमच्या एजंटाचं नाव अबू फहाद. साठीचा, जाड भुवयांचा, हसतमुख माणूस. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईला सारख्या खेपा केल्यामुळे त्याची हिंदी माझ्याहून चांगली होती. त्याच्या बैठकीच्या दालनात छताला एक झुंबर होतं, एवढं मोठं की त्याच्या खाली बसलेला प्रत्येक माणूस किरकोळ वाटावा. भिंतीला लागून सोनेरी पायांच्या चाळीसेक खुर्च्या. मी गेलो तेव्हा तिथे आम्ही दोघेच होतो, आणि आमच्या बोलण्याला प्रतिध्वनी येत होता.

दुसऱ्या आठवड्यात युद्ध सुरू झालं आणि नागरी विमानं बंद झाली. कंपनीला तार केली. उत्तर आलं: सर्व काळजी घ्यावी. कोणती, ते लिहिलेलं नव्हतं.

अबू फहाद म्हणाला, "तुम्ही हॉटेलात राहू नका, मुहंदिस." मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. "शहराबाहेर माझी जागा आहे, बागा आहेत. तिथे राहा. शहरापेक्षा सुरक्षित."

त्याच दुपारी तो स्वतः तीन गाड्यांतून सगळ्या कुटुंबाला घेऊन जेद्द्याला गेला. सुरक्षित या शब्दालाही पायऱ्या असतात हे मला तेव्हा कळलं.

अल सुलैच्या पलीकडे

अल सुलै म्हणजे गोदामं, लोखंडी फाटकं आणि ट्रकांचे तळ. ते संपलं की सपाट, फिकट माती लागते, आणि तिच्यात एकाएकी पुरुषभर उंचीच्या भिंतींची एक वसाहत दिसते. एका मातीच्या गल्लीच्या दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा दारं. प्रत्येक दारामागे वीस पावलं रुंद, तीस पावलं लांब एवढी जमीन. तिच्यात पाच-सहा खजुरी, एखादं लिंबाचं झाड, हिरवळीचा तुकडा, पुदिन्याचे आणि भाजीचे वाफे, शेळ्यांसाठी लसूणघास, आणि गालिचा अंथरलेली एक खोली. अशा जागेला तिथे इस्तिराहा म्हणतात. म्हणजे विसावा.

जमीन अबू फहादची. तुकडे त्याने शहरातल्या लोकांना दिलेले: कारकून, शाळामास्तर, टायरचा दुकानदार, विमानतळावरचा कोणी. ही माणसं आठवडाभर रियाधच्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि गुरुवारी दुपारी बायकामुलं, पातेली, उश्या गाडीत कोंबून पंचवीस मिनिटांवरच्या या भिंतींच्या आत येतात. आत आलं की बाप्ये चपला काढून, लाकडं पेटवून, राखेत भाकर भाजायला बसतात, जणू आजोबांचे उंट बाहेर बांधले आहेत. शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा फ्लॅट. आपल्याकडे गाव सोडून शहरात आलेला माणूस वर्षातून एकदा जत्रेला गावी जातो आणि डास फार आहेत म्हणून लवकर परततो. यांनी गावच शहराच्या दाराशी आणून, त्याचे तीस तुकडे करून, प्रत्येकाला एकेक भिंत घातली होती. कल्पना मला आवडली. फक्त भिंती एवढ्या उंच कशाला, हे कळलं नाही. शेजाऱ्याचा पुदिना दिसू नये इतका कोणता पुदिना खासगी असतो?

मी पोचलो तेव्हा तीसही दारांना कुलपं होती. लोक जेद्दा, ताइफ, अबहा, जमेल तिकडे निघून गेले होते. गल्लीत एकच माणूस होता. लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला फडकं, पोटापर्यंत आलेली करडी दाढी. तो खोऱ्याने पाटाचं पाणी एका दाराखालून दुसऱ्या दाराकडे वळवत होता. मी हिंदीत नाव सांगितलं. आडनाव ऐकून त्याने मान वर केली.

"मराठी?"

"हो. सांगलीचा."

"म्हंजे घाटावरचे," तो म्हणाला. डॉक्टर रोगाचं नाव सांगतात त्या सुरात.

तो इब्राहिम. दाभोळच्या खाडीजवळच्या एका गावचा. तीसही बागांचा माळी तो एकटा, आणि त्यांना तो वाड्या म्हणायचा. सात नंबरची वाडी, एकोणीस नंबरची वाडी. मला त्याने एक नंबरची, म्हणजे अबू फहादची, खोली उघडून दिली. स्वतः तो गल्लीच्या टोकाला विहिरीशेजारी पत्र्याच्या खोपटात राहत होता.

पहिले दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी मी त्याच्यामागून पाटाच्या कडेने चालत होतो, तेव्हा त्याने न विचारता सांगितलं. त्याच्या घरी समुद्राकाठी नारळी-पोफळींचं आगर आहे. बाप थकलाय, डोळ्यांनी अधू झालाय. भावाला ते विकायचंय. कोणी हॉटेलवाला मागे लागलाय.

"आब्बा बोलले, इब्राहिम ईदला येतोय, तो आला की बगू. ईदला मी नाय गेलो, तर भाऊ सांगंल तितं आंगठा."

"मग जा की."

"कसा जानार? पासपोर्ट कफीलकडं." कफील म्हणजे ज्याच्या नावावर माणूस त्या देशात राहतो तो मालक, इथे अबू फहाद. "चार वर्सं झाली, सुट्टी नाय. आता जाताना बोलला, आमी परत आलो आनि सगल्या वाड्या हिरव्या असल्या, तर ईदला सोडीन. सुकल्या तर खलास."

त्याने पाटाचं तोंड मातीने बुजवलं आणि दुसरं उघडलं. "म्हनून हे पान्याचं शिपनं चालू. स्वतःची वाडी वाचवायची तर परक्यांच्या तीस वाचवायला लागतात."

त्या संध्याकाळी पहिल्यांदा भोंगा झाला तेव्हा मी जेवत होतो. आम्हाला प्रत्येकी एक मुखवटा मिळाला होता, विषारी वायूपासून वाचायला. मी तो चढवला, खोलीच्या खिडकीला चिकटपट्टी लावली, आणि इब्राहिमला आत बोलावलं. तो दारात उभा राहिला. दाढी असली की मुखवटा गालाला घट्ट बसत नाही, तेव्हा दाढी काढ, असं वाटप करणाऱ्याने त्याला सांगितलं होतं.

"मग काढ की," मी मुखवट्यातून म्हणालो. माझा आवाज डब्यातून आल्यासारखा आला.

"दाढी काडून वाचलो तर आब्बा वलकनार कसे? हातानं चाचपून वलकतात." तो उंबऱ्यावर बसला. लांब शहराच्या बाजूला दोनदा धडाम झालं. खिडकीच्या काचा थरथरल्या. "साहेब, तुमी त्यात लई वाईट दिसताव," तो म्हणाला.

त्यानंतर मी मुखवटा फारसा वापरला नाही.

विहीर

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो.

विहिरीत खाली कट्ट्यावर बसवलेला पंप आमच्याच कारखान्याचा होता. मला आनंद झाला. परदेशात आपली वस्तू दिसली की माणूस उगाच तिचा बाप होतो. पण पंप जोर करत नव्हता. पाट तिसाव्या दाराशी पोचेपर्यंत पाणी दोऱ्यासारखं बारीक होई, आणि इब्राहिमला पहाटेपासून मावळतीपर्यंत पाळ्या लावाव्या लागत. मी पाहिलं तर पाइपावरची झडप अर्धी बंद, आणि कोणी हलवू नये म्हणून तिच्या चाकाला तार गुंडाळलेली.

वर्षानुवर्षं हा पंप अर्ध्या ताकदीने चालवला गेला होता. एखाद्या गायकाने तोंडावर हात ठेवून गावं तसं ते होतं.

शुक्रवारी दुपारी इब्राहिम नमाजाला गेला. मी विहिरीत उतरलो, तार सोडली, झडप पूर्ण उघडली. पंपाचा आवाज बदलला. पाटात पाणी असं धावत सुटलं की मी गल्लीतून त्याच्या बरोबर चालत तिसाव्या दारापर्यंत गेलो, आणि ते माझ्या आधी पोचलं. मग खोलीत येऊन मी कंपनीला अहवाल लिहायला घेतला: अज्ञानामुळे ग्राहक पंपाचा पूर्ण उपयोग करत नाहीत. वाक्य मला आवडलं. त्याच्याखाली आणखी दोन पानं लिहिली.

जळक्या रबराचा वास आला तेव्हा दीड-दोन तास झाले होते.

विहिरीचा तळ दिसत होता. त्या विहिरीला झरे होते ते तेवढेच, अर्ध्या पाण्याचे. पंप पाणी संपवून कोरडाच फिरत राहिला होता. आतला दांडा आणि फिरकी एकमेकांना चिकटून लोखंडाचा एकच गोळा झाला होता. मी मोटार बंद केली आणि कठड्यावर बसून राहिलो.

इब्राहिम आला. त्याने खाली वाकून पाहिलं, नंतर जमिनीवर पडलेली तार उचलली.

"ही मी बांदली होती, साहेब. ईर अर्दंच पानी देते."

"मला सांगायचं होतंस."

"तुमी पंपवाले," तो म्हणाला. "मना वाटलं, तुमाला म्हाईत असनार."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

दम्माम

गोदामांजवळच्या एका दुकानातून मी अबू फहादला जेद्द्याला फोन लावला. सुटे भाग दम्मामच्या वखारीत आहेत, जाऊन घ्या, असं तो म्हणाला. मग विचारलं, "बागा हिरव्या आहेत ना?"

"आहेत," मी म्हणालो. त्या दिवसापुरतं ते खरं होतं.

दम्माम चारशे किलोमीटर पूर्वेला, म्हणजे युद्धाच्या दिशेने. इब्राहिमच्या ओळखीचा युनूस नावाचा ट्रकवाला कांदे घेऊन निघाला होता. श्रीवर्धनचा, तिशीचा, बडबड्या. त्याच्या शेजारी बसून निघालो.

"काका, तुम्ही पंप बघायला आलात ना?"

"हो."

"आणि जाळलात."

"हो."

"मग बघितलात म्हणायचा," तो म्हणाला, आणि पुढचे शंभर किलोमीटर अधूनमधून स्वतःशीच हसत राहिला.

वाटेत दहना नावाच्या वाळवंटाची लाल वाळू लागते. पोवळ्याच्या रंगाच्या टेकड्या, त्यांच्यावर वाऱ्याने काढलेल्या बारीक रेघा. एरवी तिथे थांबून पाहिलं असतं. पण रस्त्यावरून रणगाडे चालले होते, लांबलचक गाड्यांवर चढवलेले, एकामागे एक, संपेचनात. वर बसलेले परदेशी सैनिक कोवळे होते. एकाने आम्हाला हात केला. युनूसने कांदा दाखवला. त्याने ओंजळ पुढे केली, युनूसने फेकला, त्याने झेलला. त्या युद्धातला माझा प्रत्यक्ष सहभाग एवढाच.

दम्मामला वखारीचा कारकून म्हणाला, जेद्द्याहून शिक्का मारलेला कागद आल्याशिवाय काही मिळणार नाही. टपाल बंद होतं, हे त्यालाही माहीत होतं. मी दोन दिवस त्याच्या टेबलासमोर बसलो. तिसऱ्या दिवशी खिशातला माझा तपासणीचा शिक्का काढला, गोल, निळ्या शाईचा, 'तपासले, योग्य आहे' असा इंग्रजीत मजकूर असलेला, आणि माझ्याच अर्जावर उमटवला. त्याने कागद उजेडाकडे धरला, गोलाई न्याहाळली आणि लगेच दांडा-फिरकीचा खोका आणून दिला. शिक्का कशावर मारलाय हे त्याने वाचलं नाही. मी तीस वर्षं तो शिक्का मारतोय; त्याच्यात एवढी ताकद असल्याचं पहिल्यांदाच कळलं.

पण परतीचा रस्ता मालट्रकांना बंद झाला होता. उत्तरेला सीमेजवळ लढाई पेटली होती आणि सगळा रस्ता सैन्याला हवा होता. सहा दिवस अडकलो. कोकणी लोकांच्या खानावळीत एका खाटेची सोय झाली. सुरमईचं कालवण आणि भात, दोन्ही वेळा. घरच्यापेक्षा चांगलं होतं. घरी मी एकटाच असतो आणि पिठलं करतो. खानावळीत सगळे एकमेकांच्या गावच्या बोटींबद्दल, लग्नांबद्दल बोलत. माझ्याशी अदबीने बोलत, म्हणजे कमी बोलत. दुपारी भोंगा झाला की सगळे जिन्याखाली दाटीने बसत, आणि माझ्यासाठी जागा सोडत. त्या सोडलेल्या जागेत मी बसे.

बाहेर कोरडा वारा सुटला होता. तो पश्चिमेकडे, बागांकडेच चालला होता. मला रोज संध्याकाळी वाफ्यांचे नंबर आठवत. अकरा पुदिना. चौदा मेथी. एकोणीस, हिरवळ.

नवव्या दिवशी परत पोचलो तेव्हा इब्राहिम गल्लीत समोरून येत होता. खांद्यावर आडवी काठी, दोन्ही टोकांना तेलाचे पत्र्याचे डबे. कावड. विहिरीत थोडं थोडं पाझरणारं पाणी दोराने शेंदून तो नऊ दिवस वाहत होता. काठीखाली खांद्याची कातडी सोलली होती, त्यावर फडकं बांधलं होतं.

मेथी गेली होती. हिरवळी पिवळ्या पडल्या होत्या. पण खजुरी, लिंबं, लसूणघास आणि बराचसा पुदिना उभा होता. खोपटामागे मात्र एक वाफा पार जळून गेला होता. तिथे त्याने गावच्या बियांचा लाल माठ आणि पडवळ लावलं होतं. मला एकदा भाजी करून घातली होती.

"स्वतःच्या वाफ्याला एक डबा तरी घालायचास."

"ती माजी वाडी नाय," तो म्हणाला. "माजी तिकडं हाय. खोका आनलाव?"

त्याच दिवशी आम्ही दोघं विहिरीत उतरलो. मी दांडा बसवला, तो पाने देत होता. पंप चालू झाला तेव्हा मी झडप निम्मी फिरवली आणि तार त्याच्या हातात दिली. त्याने ती मला परत दिली. मीच बांधली.

अहवालाची तीन पानं मी चुलीत घातली.

बैठक

फेब्रुवारी संपता संपता युद्ध संपलं. शहरात गाड्यांचे भोंगे वाजले, कापडी फलक लागले, त्यांच्यावर सगळ्यांचे आभार मानले होते. पुढच्या गुरुवारी दारं उघडायला लागली. भिंतींमागून पहिल्यांदाच पोरांचे आवाज ऐकले. दोन पावसांनी हिरवळीही सावरल्या होत्या.

अबू फहाद आठ-दहा पाहुणे घेऊन आला. एक नंबरच्या बागेत गालिचे टाकले. त्याने सगळ्यांना हिंडवून दाखवलं: युद्ध झालं, क्षेपणास्त्रं पडली, आणि माझा पुदिना बघा. जणू पुदिन्याने शत्रूला थोपवलं. इब्राहिम स्वच्छ सदरा घालून कॉफी देत होता. त्याने मला आधीच सांगितलं होतं, आज कफील शब्द पाळील.

तो कॉफी ओतायला वाकला तेव्हा अबू फहादने त्याच्या खांद्यावर थोपटलं, कावडीने सोललं होतं तिथेच. माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाला, "असा माणूस मिळत नाही, मुहंदिस. म्हणूनच आता याला सोडता येणार नाही. रमजान येतोय. महिनाभर रोज संध्याकाळी हे सगळे इथे रोजा सोडायला येणार. उन्हाळा होऊ दे, मग बघू."

इब्राहिम म्हणाला, "हाजिर." आणि पुढच्या पाहुण्याकडे सरकला.

बागा सुकल्या असत्या तर तो गेला नसता. त्या हिरव्या राहिल्या म्हणूनही तो जाणार नव्हता. माझ्या हातातली ती कॉफी मला प्यावीशी वाटेना. मी छोटा पेला तसाच भरलेला खाली ठेवला.

एकेक करून सगळे माझ्या पेल्याकडे पाहायला लागले. मला वाटलं, काही ओंगळ झालं. नऊ नंबरचे म्हातारे शाळामास्तर पुढे वाकले आणि अरबीत काही म्हणाले. अबू फहादचा चेहरा जरा कसनुसा झाला.

"ते विचारतायत, तुमची मागणी काय?"

"कसली मागणी?"

"आमच्यात पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली, म्हणजे त्याला काही मागायचं असतं. ते मिळाल्याशिवाय तो पीत नाही. आणि यजमानाला नाही म्हणता येत नाही. तसा रिवाज आहे. तुम्हाला ठाऊक नसेल."

"नव्हतं," मी म्हणालो. "पण मागणी आहे. इब्राहिमला ईदसाठी घरी सोडा. तुम्ही कबूल केलं होतं."

मास्तरांना ते भाषांतर करून सांगावं लागलं. सांगताना अबू फहादने शेवटचं वाक्य गाळलं असावं, पण मास्तरांनी मुंबईची हिंदी गाणी ऐकलेली होती, ते हसले.

"बरं," अबू फहाद पाहुण्यांकडे हात पसरून म्हणाला. "मुहंदिसने मागितलं, मी दिलं. पण तो परत येईपर्यंत यांच्या बागांना पाणी कोण घालणार? तुम्ही?"

सगळे हसले. विनोद चांगला होता.

घरी माझी वाट पाहणारं कोणी नव्हतं. घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे होती, आणि त्यांना ती सांभाळायला आवडत होतं. कंपनीत माझी खुर्ची एव्हाना दुसऱ्याने खिडकीकडे ओढली असणार.

"मी," मी म्हणालो, आणि कॉफी प्यालो. गार झाली होती.

रमजान

इब्राहिम गेला. जाताना त्याने मला सगळी तीस तोंडं दाखवली, कुठलं किती वेळ उघडायचं ते; मी वहीत लिहिलं, त्याने वहीकडे संशयाने पाहिलं. कंपनीला वाटलं मी युद्धानंतरच्या नव्या मागण्या गोळा करायला थांबलोय. तिने तारेने शाबासकी कळवली.

मी चाळीस दिवस पाणी घातलं. पहाटे गल्लीत फक्त मी आणि पाणी. चार वर्षं इब्राहिमने हा आवाज ऐकला असणार: मातीत पाणी शिरताना होतो तो, कोणी हळू बोलत असल्यासारखा. पहिल्या आठवड्यात मीही त्याला उत्तरं द्यायला लागलो. दुसऱ्या आठवड्यात सोडलं.

संध्याकाळी गाड्या येत. दारं बंद होत. मग बांगेची वाट पाहणारी शांतता, आणि लगेच तीस भिंतींमागे एकदम तीस कुटुंबांचा गलका. माळ्याला ताट पाठवायची पद्धत आहे. दाराच्या फटीतून हात येई, त्यात खजूर, सार, मटणभात, आतून बाईचा किंवा पोराचा आवाज येई, "या इब्राहिम." हे 'या' म्हणजे आत या नव्हे; अरबीत हाक मारताना नावाआधी ते लावतात. सुरुवातीला मी सांगत असे, मी इब्राहिम नाही. हात थोडा वेळ तसाच थांबे, काय करावं न कळून. मग मी सांगणं सोडलं. इब्राहिम म्हणून मिळालेलं ताट घेऊन विहिरीच्या कठड्यावर बसत असे. मला प्रत्येक घरातलं मीठ किती ते कळायला लागलं, पण एकाचाही चेहरा माहीत नव्हता. मास्तर तेवढे कधीकधी बाहेर येऊन माझ्याजवळ बसत. त्यांना हिंदी गाण्यांपलीकडे माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. त्या भिंती त्यांनाही उंच वाटत असाव्यात.

ईद झाली. कंपनीने माझं परतीचं तिकीट काढून टाकलं होतं, पण इब्राहिम येईल की नाही, मला खात्री नव्हती. न येण्याला त्याच्याकडे सगळी कारणं होती.

ईदनंतर पाचव्या दिवशी सकाळी युनूसचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी थांबला आणि तो उतरला. खांद्यावर पोतं, दाढी थोडी कापलेली.

"आगर?" मी विचारलं.

"हाय." त्याने पोतं खाली ठेवलं. "आब्बांनी आंगठा नाय दिला. भाऊ माज्याशी बोलत नाय. वैनी बोलते, पन रडते."

"विकायचं कायमचं रद्द?"

"कायमचं काय असतं? आब्बा हायत तवर हाय." तो वाकून पाटात हात घालून पाणी बघत होता. "आब्बांनी इचारलं, तितं आता शिपनं कोन करतो? मी बोललो, सांगलीचा इंजिनेर. पगार किती देतात? बोललो, काय नाय. नंतर बोलले, इब्राहिम, तू लवकर परत जा. तो मानूस टिकनार नाय."

मी हसलो. तोही हसला. मला त्याला सांगायचं होतं, बावीस नंबरची एक खजूर वाकलीय, तेराची मालकीण आता लसूणघास नको म्हणते, अकराच्या पुदिन्याला मी नवी माती घातली. वही काढेपर्यंत तो खोरं घेऊन गल्लीत शिरला होता. दुसऱ्या, चौथ्या, सातव्या दाराशी थांबत, तोंडं उघडत, बुजवत, माझं काही चुकलेलं दुरुस्त करत तो पुढे गेला. पाणी त्याच्या मागून गेलं.

अर्ध्या तासाने एका दारातून आवाज आला, "या इब्राहिम." मी वळलो. त्याने ओ दिली होती.

युनूस म्हणाला, "चला काका, यल्ला. विमान चुकेल." मी बॅग ट्रकमध्ये ठेवली.